फायरवॉलसाठी कुठला पत्रा घेऊ? घरी बांधतोय ते दोन सीटचं विमान, रत्नागिरी

मिऱ्याकाठची_शेड
मंडळी, सल्ला हवाय. मिऱ्याला काकांच्या कलमांच्या बागेत शेड घातलीय, तिथे प्लॅनवरून दोन सीटचं विमान बांधतोय. सांगाडा ॲल्युमिनियमचा, पुढे रोटॅक्स ९१२ इंजिन बसणार. कॅप्टन अमोल यादवांनी कांदिवलीत गच्चीवर विमान उभं केलं तेव्हापासून हे डोक्यात होतं. आता इंजिन आणि केबिनच्या मधल्या फायरवॉलवर अडलोय. आमचे पत्राकामवाले म्हणतात १ एमएम ॲल्युमिनियम मार, हलकं पडेल, गंजणार नाही, वरून हीटप्रूफ रंग दे. दुसरा पर्याय जीआय, म्हणजे जस्ताचा थर दिलेला लोखंडी पत्रा, तिसरा स्टेनलेस. वजनाची धास्ती आहे, त्यात इथली खारी हवा, दोन पावसाळ्यांत खिळे सडतात. बाजूच्या सीटवर बायको बसणारे, त्यामुळे भागवाभागवी नको.

पत्रा_नि_रिव्हेट
ॲल्युमिनियम अजिबात नको. ते ६६० अंश सेल्सिअसला वितळतं, त्यातले मिश्रधातू तर त्याच्याही आधी पाघळायला लागतात, आणि पेट्रोलची आग सहज हजाराच्या वर जाते. हीटप्रूफ रंगाने रंग टिकतो, पत्रा नाही. अमेरिकेच्या लहान विमानांच्या जुन्या नियमात, म्हणजे भाग २३ मध्ये, कसोटी अशी होती की सुमारे १,०९३ अंशांची ज्योत १५ मिनिटं लावायची आणि ती आरपार जाता कामा नये. १५ मिनिटं कशाला, तर तेवढ्यात खाली उतरता यावं. काही पत्रे चाचणीशिवायच चालतात असंही तिथे दिलं होतं: स्टेनलेस ०.०१५ इंच म्हणजे साधारण ०.३८ एमएम, टायटॅनियम ०.०१६ इंच, गंजरोधक थर दिलेलं माइल्ड स्टील ०.०१८ इंच. ॲल्युमिनियम त्या यादीत नाहीच.

आणि वजनाचं म्हणशील तर हिशेब करून बघ. ०.४ एमएम स्टेनलेस चौरस मीटरला ३.२ किलो, १ एमएम ॲल्युमिनियम २.७ किलो. तुझी फायरवॉल अर्धा चौरस मीटर धरली तर फरक पाव किलोचा. पाव किलोसाठी बायकोच्या पायाशी वितळणारा पत्रा लावणार का?

देवगडचो_दर्या
जीआयच्या नादाक लागू नको रे बाबा. जाड घेतलं तर नियमात बसतं ते, पण समुद्राकाठी जस्ताचा थर किती टिकतो ते आपल्या पडवीच्या पत्र्यावर बघ. त्यात जस्त ९०७ अंशांना उकळतं, म्हणजे आगीत त्याचा धूर होणार. ट्रॉलरवर आम्ही स्टेनलेसमधला ३०४ ग्रेड सुद्धा टाळतो, तांबूस डाग पडतात, ३१६ वापरतो, त्यात मॉलिब्डेनम असतं म्हणून मिठाला जास्त तग धरतं. आणि स्टेनलेस थेट ॲल्युमिनियमच्या सांगाड्याला टेकवू नको हां, मधे प्रायमर आणि सीलंट दे, नाहीतर खाऱ्या ओलीत ॲल्युमिनियमला पांढरी भुकटी सुटते आणि ती सांध्याच्या आत असल्यामुळे दिसत पण नाही.

लोटे_सेफ्टीताई
पत्र्याचं सगळ्यांनी बरोबर सांगितलं पण मला खरी काळजी भोकांची वाटते. मी केमिकल कारखान्यात सेफ्टी बघते. आग भिंतीतून नाही येत, केबलच्या भोकातून येते, हे मी डोळ्यांनी बघितलंय. तुझ्या फायरवॉलमधून पेट्रोलची नळी, थ्रॉटलची केबल, वायरींचा जुडगा जाणार, तिथे भोकाच्या कडेला रबरी ग्रोमेट, म्हणजे रबराची कडी, लावलंस तर ते पहिल्या मिनिटातच जळून जाईल आणि मग ३१६ असो की टायटॅनियम, काय उपयोग? फिटिंग स्टीलची घे, ॲल्युमिनियमची नको. रिव्हेटही स्टील किंवा मोनेलचे, म्हणजे निकेल-तांब्याच्या मिश्रधातूचे. पेट्रोलच्या नळीवर फायरस्लीव्ह, म्हणजे आग सोसणारं बाहेरचं वेष्टण, चढव. फटी बुजवायला तो लाल सिलिकॉन नको, तो गॅस्केटपुरता ठीक आहे, इमारतींच्या केबल डक्टमध्ये भरतात तो फायर सीलंट मिळतो, उष्णतेने फुगून भोक बंद करणारा, तो भर.

आणि केबिनच्या बाजूने आवाजासाठी फोम किंवा फॉइलवाली शीट चिकटवू नकोस प्लीज. पत्रा पलीकडून लाल झाला की फॉइल राहील पण मागचा गोंद आणि फोम पेटेल, आणि तो धूर तुमच्या दोघांच्या छातीत. फायरवॉल शाबूत राहूनही माणूस गुदमरतो तो असा.

मिऱ्याकाठची_शेड
ताई हे डोक्यातच नव्हतं, फोमची शीट आणून ठेवलीय, उद्याच परत करतो. ३१६ चा ०.४ एमएम पक्का. मग भट्टीला लावतात ती सिरॅमिक ब्लँकेट इंजिनच्या बाजूने लावू का? आणि प्लॅनमध्ये केबिन हीटरसाठी दोन इंची भोक दाखवलंय, त्याचा व्हॉल्व्ह कसला घेऊ?

पत्रा_नि_रिव्हेट
ब्लँकेट इंजिनच्या बाजूनेच, पण उघडी ठेवू नको, तेल पिते. वरून पातळ स्टेनलेसचं कव्हर कडा बंद करून लाव. कापताना मास्क घाल, ते तंतू फुप्फुसाला वाईट. आणि हीटर? अरे रत्नागिरीत उडणार आहेस ना, भोकच पाडू नकोस! हीटरचा व्हॉल्व्ह ॲल्युमिनियमचा असला की सगळ्यात आधी तोच जातो, आणि एक्झॉस्ट गळला तर त्याच वाटेने कार्बन मोनॉक्साइड केबिनमध्ये.

लोटे_सेफ्टीताई
बसवण्याआधी एक फूटभर तुकडा तस्साच तयार कर, म्हणजे पत्रा, सीलंट, एक फिटिंग, एक वायर, सगळं त्यात. गच्चीच्या वॉटरप्रूफिंगला वापरतात तो गॅसचा टॉर्च १५ मिनिटं लाव आणि मागून काय होतं ते बघ. उघड्यावर कर, बागेतला वाळका पाला आधी झाडून घे, पाण्याची नळी आणि एक्स्टिंग्विशर हाताशी ठेव, एकट्याने करू नकोस.

देवगडचो_दर्या
आणि सकाळी उरक, मतलई वारा मंद असतो तेव्हाच. दुपारी खारा वारा सुटलो की ज्योत वाकता, पत्र्यावर नीट बसत नाय. रविवारी करत असलंस तर मी येतो, ३१६ चा तुकडा आमच्या यार्डातनं घेऊन.