जीवशास्त्रात पीएचडी करावी की एमएस्सीनंतर थेट कंपनी गाठावी?

सायली_कोथरूड
भाचीचं एमएस्सी बायोटेक झालं, नेट-जेआरएफही (संशोधनासाठी फेलोशिप देणारी परीक्षा) निघाली. घरात सगळे खूश आहेत. मी मात्र तिला ‘जरा थांब’ म्हणाले.

२०२३ पासून जेआरएफला दरमहा ३७,००० मिळतात, दोन वर्षांनी एसआरएफ (वरिष्ठ फेलो) झाली की ४२,०००, वर घरभाडं. रक्कम वाईट नाही, पण ती वेळेवर पडत नाही, अनेकांना महिनोन्‌महिने थांबावं लागतं. तरीही माझा मुख्य मुद्दा पैशांचा नाही. आपल्या बहुतेक लॅबमध्ये कायमस्वरूपी, पगारी, मुरलेले हात नसतातच. पेशी वाढवणं, वेस्टर्न ब्लॉट (प्रथिनं ओळखायची चाचणी), अँटिबॉडीची ऑर्डर, उणे ८० अंशांच्या फ्रीजरमधली यादी, सगळं विद्यार्थ्यांच्या गळ्यात. पाच-सहा वर्षांत पोरगी तयार झाली की बाहेर पडते आणि नवीन मूल पुन्हा पिपेट धरण्यापासून सुरुवात करतं. पुढे पोस्टडॉक, म्हणजे पीएचडीनंतरचं तात्पुरतं संशोधनपद, मग पस्तिशीत मोजक्या जागांसाठी रांग.

प्रसाद_ठाणे
सायलीताई, साफ असहमत. शास्त्रज्ञ कॅटलिन कारिको यांना १९९५ मध्ये पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात खालच्या पदावर ढकललं होतं. त्या एमआरएनएला (पेशीला प्रथिन बनवायचा संदेश देणारा रेणू) चिकटून राहिल्या, म्हणून कोविडची लस इतक्या लवकर आली. २०२३ चं नोबेल नंतरचं. आपल्याकडचंही घ्या: आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियल यांच्या कामातून आलेल्या कार-टी उपचाराला (रुग्णाच्याच प्रतिकारपेशी बदलून कॅन्सरवर सोडायच्या) २०२३ मध्येच मंजुरी मिळाली. सगळ्या हुशार मुली कंपनीत गेल्या तर हे कोण करणार?

सायली_कोथरूड
प्रसाद, कारिकोंचं उदाहरण माझ्याच बाजूचं आहे. विद्यापीठाने त्यांना कायमची जागा दिली नाही आणि २०१३ मध्ये त्या बायोएनटेक कंपनीत गेल्या. त्या टिकल्या म्हणून त्यांचं नाव माहीत आहे. न टिकलेल्यांची नावं कुणी घेत नाही.

निनाद_हडपसर
मी लस कंपनीत क्यूसीत (गुणवत्ता तपासणीत) आहे, एमएस्सीवर लागलो. पगार वेळेवर होतो, हे खरं. पण रोज तीच एलायझा चाचणी, तीच एसओपी (ठरलेली कार्यपद्धती). आर अँड डीत वर जायचं तर पीएचडी विचारतात. ताई, ‘कंपनी गाठ’ म्हणताना हेही भाचीला सांगा.

मानसी_पीएचडी
मी शेवटच्या वर्षाला आहे. आमच्या लॅबमध्ये वाढवलेल्या पेशींत मायकोप्लाझ्मा हा जिवाणू शिरला होता. माध्यम गढूळ होत नाही, साध्या सूक्ष्मदर्शकाखाली काही दिसत नाही, आणि या जिवाणूला पेशीभित्तिकाच नसल्याने पेनिसिलिन चालत नाही. पेशी फक्त मंद वाढत होत्या. गाइड म्हणत होते, सीरमची (पेशींच्या माध्यमात घालतात ते) बॅच खराब असेल. मी पीसीआर (जिवाणूचा डीएनए शोधणारी चाचणी) लावला, पट्टी आली, म्हणजे मायकोप्लाझ्मा होताच. कितीतरी महिन्यांचा डेटा फेकावा लागला, खूप रडले. पण कारण मी शोधलं! ही नजर मला पीएचडीनेच दिली, त्यामुळे भाचीला अडवू नका असंच म्हणेन. बाकी लॅबच्या कारभाराबद्दल तुम्ही लिहिलंय ते शब्दशः खरं आहे.

सायली_कोथरूड
मानसी, मायकोप्लाझ्माची चाचणी दर महिन्याला ठरवून करणारा एक कायमचा टेक्निशियन असता, तर तुझा तो डेटा वाचला असता. मी त्याचीच मागणी करतेय. अनुदानाच्या प्रत्येक प्रस्तावात अशा पदाचा पगार सक्तीने धरायला हवा. भाचीची मुलाखत पुढच्या महिन्यात आहे. गाइड निवडण्याआधी तिने त्यांना काय विचारावं?

मानसी_पीएचडी
गाइडना नंतर. आधी त्या लॅबमधून बाहेर पडलेल्या दोघा-तिघांना फोन करायला सांगा: किती वर्षं लागली, पेपरवर पहिलं नाव कुणाचं आलं, आणि फेलोशिप अडकली तेव्हा गाइडनी प्रोजेक्टमधून सोय केली का.