नवजात बाळांची श्रवणचाचणी: सोलापुरात ओएई घ्यावं की एबीआर?

नवीपेठकर: ओळखीच्या प्रसूतिगृहाला श्रवणचाचणीचं यंत्र द्यायला आम्ही वर्गणी काढतोय. माझं मत एबीआरला, म्हणजे आवाज नसेतून मेंदूकडे पोचतो का ते इलेक्ट्रोड (चिकटवायच्या तारा) लावून बघणाऱ्या यंत्राला. ओएई फक्त आतल्या कानातल्या शंखाचा प्रतिसाद टिपतं. पुढे नसेतून आवाज मेंदूकडे जातो का, ते त्यात कळत नाही. कावीळ फार चढलेली, काचेच्या पेटीत राहिलेली काही बाळं ‘पास’ होऊन घरी जातात आणि वर्षाची झाली तरी हाकेला वळत नाहीत. असलं ‘पास’ काय कामाचं?

बार्शीची सिस्टर: दादा, नाही पटलं. हजारात एक ते तीन बाळांना जन्मतः बहिरेपण असतं. ती सापडायची तर झाडून सगळी बाळं तपासायला हवीत. बाळ झोपलेलं असलं की ओएईचा निकाल मिनिटा-दोन मिनिटांत. एबीआरला कपाळ पुसा, कानामागे पुसा, इलेक्ट्रोड चिकटवा, तोवर बाळ उठून रडायला लागतं. इलेक्ट्रोड संपले की यंत्र कपाटात जाणार, लिहून ठेवा.

नवीपेठकर: इलेक्ट्रोडच्या खर्चाचं मान्य. पण बाळंतीण दोन-तीन दिवसांत घरी जाते. तेव्हा बाळाच्या कानात पाणी, पांढरा चिकट थर असतो आणि ओएई चांगल्या कानालाही ‘रिफर’ (म्हणजे पुन्हा तपासा) दाखवतं. एबीआरला त्याचा त्रास कमी. पहिलटकरीण माहेरी आलेली, सासर सांगोल्याला नाहीतर विजापूरला. ऊसतोडीचं कुटुंब तर पट्टा पडला, म्हणजे कारखान्याचा हंगाम संपला, की गावी. फेरतपासणीला येणार कोण?

आवाजवाला: ऑडिओलॉजीत काम करतो. एनआयसीयूत (नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात) पाच दिवसांहून जास्त राहिलेल्या बाळाला एबीआरच, हे अमेरिकेतल्या तज्ज्ञ समितीने २००७ मध्येच सांगितलंय. त्यात वादच नको. बाकीच्यांना ओएई चालेल. एकच यंत्र परवडणार असेल तर आधी विचारा, तिथे एनआयसीयू आहे का? बॅटरीवर चालणारं ‘सोहम’ हे भारतीय एबीआर यंत्र २०१७ मध्ये आलं, त्याचीही चौकशी करा.

बार्शीची सिस्टर: एनआयसीयूचं बरोबर. पण साध्या प्रसूतिगृहाला ओएईच द्या. दीड महिन्याच्या डोसाला आई येतेच, तेव्हा ‘रिफर’वाल्यांची पुन्हा करायची. तीन महिन्यांत निदान आणि सहाव्यापर्यंत श्रवणयंत्र, एवढं जमतं त्यात.

नवीपेठकर: ताई, तो डोस ती सासरच्या उपकेंद्रात घेते. तिथे यंत्र कुठंय? आमच्या प्रसूतिगृहात एनआयसीयू आहे, म्हणून मी एबीआरवरच ठाम. इलेक्ट्रोडचे वर्षाचे पैसे वर्गणीतच धरतो.