रेनमीटर १०० टक्के दाखवतो, टास्क मॅनेजर ३३. खरं कुणाचं?

कुंपणावरची_चिमणी:
मी घरून व्हिडिओंना सबटायटल्स लावायचं काम करते. लॅपटॉप पाच वर्षांचा, इंटेल आय५, बेस स्पीड २.४ गिगाहर्ट्झ, विंडोज १०. दोन आठवड्यांपासून दुपारनंतर तो अचानक रेंगाळायला लागतो. टाइप केलेलं अक्षर दोन सेकंदांनी उमटतं.

विंडोज ७ मधलं सीपीयूच्या काट्याचं गॅजेट मला फार आवडायचं, म्हणून रेनमीटर (स्क्रीनवर असेच काटे-आकडे दाखवणारा प्रोग्राम) टाकलं. आता गोंधळ वाढलाय. रेंगाळतो तेव्हा रेनमीटरमध्ये सीपीयू ९८ ते १००, टास्क मॅनेजरच्या परफॉर्मन्स टॅबमध्ये मात्र ३३. रेनमीटरच्या एका स्किनमध्ये (तयार मांडणीत) तापमान दिसतं, तेही ५१ अंशच. रॅम निम्मी मोकळी. मग बिघडलंय काय? आणि भरवशाचं मॉनिटरिंग टूल कुठलं? इंटरनेटवर जुनी गॅजेट्स परत बसवून देणारे इन्स्टॉलर दिसतात, ते घेऊ का?

रात्रपाळी:
आधी शेवटचं. ते इन्स्टॉलर घेऊ नका. गॅजेट्समधून अनोळखी कोड संगणकावर चालवता येतो म्हणून २०१२ साली मायक्रोसॉफ्टने स्वतःच ती बंद करायचं साधन दिलं आणि विंडोज ८ मधून ती काढून टाकली.

आता आकड्यांचं. दोन्ही बरोबर आहेत. रेनमीटर फक्त प्रोसेसर किती वेळ कामात होता ते मोजतं. विंडोज १० चा परफॉर्मन्स टॅब त्यात वेगही धरतो, म्हणजे बेस स्पीडच्या मानाने किती काम उरकलं ते. पूर्ण वेळ राबूनही ३३ टक्केच काम होत असेल, तर तुमचा प्रोसेसर २.४ च्या तिसऱ्या हिश्श्यावर, ०.८ च्या आसपास चालतोय. त्याच टॅबमध्ये आलेखाच्या खाली 'स्पीड' लिहिलेला असतो. पुढच्या वेळी रेंगाळला की तो बघा.

५१ अंशांवर असा इंटेल प्रोसेसर सहसा उष्णतेने वेग कमी करत नाही, त्यासाठी बहुधा नव्वदीच्या पुढे जावं लागतं. म्हणून मला बीडी प्रोचॉटचा संशय आहे. ही प्रोसेसर आणि मदरबोर्डमधली एक सिग्नलची तार. प्रोसेसर तापला की तो ती ओढतो, म्हणजे वेग कमी करायचा इशारा देतो, पण बोर्डालाही ती ओढता येते. एखादा सेन्सर बिघडला किंवा चार्जर ओळखता आला नाही, तर बोर्ड प्रोसेसरला थेट तळाच्या वेगावर आणून ठेवतो.

मी यात तीन आठवडे घालवलेत म्हणून इतकं लिहितोय. थर्मल पेस्ट बदलली, विंडोज पुन्हा टाकलं, रॅमसुद्धा नवी आणली. माझ्या स्किनवर सीपीयू, रॅम, नेटवर्क, डिस्क सगळ्यांचे सुरेख गोल होते, क्लॉक, म्हणजे प्रोसेसरचा वेग, तेवढा नव्हता. शेवटी एचडब्ल्यूइन्फो या सेन्सर वाचणाऱ्या प्रोग्रामचा लॉग, म्हणजे नोंदींची फाइल, दिवसभर चालू ठेवला. ती फाइल उघडली तर चार्जर लावलेल्या ओळींतच क्लॉक ८०० मेगाहर्ट्झच्या खाली, काढला की तीन हजारांवर. चार्जरच्या पिनमधली ओळख पटवणारी बारीक तार तुटली होती. बॅटरी चार्ज होत होती, त्यामुळे चार्जरवर शंकाच आली नाही.

म्हणून सांगतो, आधी एचडब्ल्यूइन्फो घ्या. त्यात 'परफॉर्मन्स लिमिट रीझन्स' नावाचा गट आहे. तिथे 'आयए: प्रोचॉट' समोर 'येस' आलं की शोध अर्धा संपला. रेनमीटर काढायची गरज नाही, दिसायला त्याच्या तोडीचं दुसरं काही मला सापडलेलं नाही. एचडब्ल्यूइन्फोच्या गॅजेट टॅबमधून हवे ते सेन्सर रजिस्ट्रीत (विंडोजच्या सेटिंग्जच्या कोठारात) लिहायला सांगा आणि रेनमीटरमध्ये 'रजिस्ट्री मेजर' ही सोय लावून तिथून वाचा. हे आकडे घ्यायचा दुसरा, शेअर्ड मेमरीचा रस्ता एचडब्ल्यूइन्फोच्या मोफत आवृत्तीत १२ तासांनी बंद पडतो, त्या वाटेला जाऊ नका.

शेलवाला:
लिनक्सवर हेच कॉन्कीने होतं, ते तिथलं रेनमीटरसारखं साधन. त्याच्या सेटिंगच्या फाइलमधल्या टेक्स्ट भागात freq_g घातलं की प्रोसेसरचा वेग गिगाहर्ट्झमध्ये दिसतो, कसं लिहायचं ते मॅन्युअलमध्ये आहे. कुणाच्याही तयार थीममध्ये तो असेलच असं नाही, स्वतः घाला. बॅटरीवर असताना ताजं करण्याचं अंतर वेगळं ठेवायची सोय कॉन्कीत आहे, ती जरूर वापरा. दर अर्ध्या सेकंदाला सगळे सेन्सर वाचत बसलं तर प्रोसेसरला स्वस्थ झोपता येत नाही, आणि ज्याची चिंता म्हणून विजेट लावलं तेच ते वाढवतं.

कुंपणावरची_चिमणी:
रात्रपाळी, आत्ता बघितलं. स्पीड ०.७९! 'आयए: प्रोचॉट' समोर 'येस'. चार्जर काढला आणि माझ्या डोळ्यांदेखत ३.१ वर गेला. अक्षरं बोटांबरोबर उमटायला लागली. बहिणीकडे याच मॉडेलचा लॅपटॉप आहे, तिचा चार्जर लावून दीड तास काम केलं, एकदाही खाली आला नाही. मी नवा लॅपटॉप घ्यायच्या बेतात होते. तुमचे फार फार आभार.

स्किनमध्ये क्लॉक सगळ्यात मोठ्या अक्षरात लावलाय. एकच शंका, लॉग रोज चालू ठेवू का? फाइल भराभर वाढतेय.

रात्रपाळी:
रोज नको. नवा चार्जर आला की दोन दिवस ठेवा, मग बंद करा. एचडब्ल्यूइन्फो मुळात दर दोन सेकंदांनी वाचतं, ते पाच सेकंदांवर न्या. वेग पडलेला पकडायला तेवढं पुरतं आणि फाइलही निम्म्याहून लहान होते. आणि जुना चार्जर कुणाला देऊ नका.