मदत हवी आहे: टीवायचा शेवटचा प्रकल्प ब्लॅक बुकच्या पलीकडे कसा न्यायचा?

खाडीपलीकडची:

नमस्कार मंडळी,

मी नवी मुंबईतल्या एका कॉलेजात अर्थशास्त्र शिकवते. कॉलेज आता स्वायत्त आहे, त्यामुळे टीवायबीएच्या (बीएच्या शेवटच्या वर्षाच्या) प्रकल्पाची रचना बरीचशी आमच्याच अभ्यासमंडळाच्या हातात आहे. नव्या शैक्षणिक धोरणाखालची आमची पहिली तुकडी टीवायला येतेय. आमच्या आराखड्यात पाचव्या सेमिस्टरला २ क्रेडिटचा फील्ड प्रोजेक्ट आणि सहाव्याला ४ क्रेडिटचं ओजेटी, म्हणजे प्रत्यक्ष कामावरचं प्रशिक्षण, आहे. क्रेडिटला ३० तास धरले तर दोन्ही मिळून १८० तास होतात. एवढा वेळ आजवर कधी मिळाला नव्हता, आणि तो सही-शिक्क्याची सर्टिफिकेटं गोळा करण्यात जाणार अशी चिन्हं दिसताहेत.

जुना प्रकार तुम्हाला ठाऊक आहेच. विषय ‘अमुक ब्रँडबाबत ग्राहकांचे समाधान’, वर्गाच्याच व्हॉट्सॲप ग्रुपवर गुगल फॉर्म, पन्नास उत्तरं, दोन पाय चार्ट, सोनेरी अक्षरांचं ब्लॅक बुक आणि घाईघाईत उरकलेली व्हायवा. पूर्वी निदान झेरॉक्सवाल्याकडून जुनी प्रत तरी मिळवावी लागायची. चॅटजीपीटीने तेही कष्ट वाचवले.

माझ्या डोक्यात वाशीचं मार्केट आहे, म्हणजे बाजार समितीचा घाऊक बाजार. वर्गातली बरीच मुलं कोपरखैरणे-घणसोलीच्या माथाडी (हमाल कामगारांच्या) घरांतली. वडील रात्रपाळीला मार्केटात, मुलगी सकाळी माझ्यासमोर बसून मागणीची लवचिकता उतरवून घेतेय, आणि या दोन गोष्टींची गाठ तीन वर्षांत एकदाही पडत नाही. कांदा-बटाटा, फळं, भाजी, धान्य, मसाला असे पाच बाजार दोन स्टेशनांच्या अंतरावर आहेत. माथाडी कायदा १९६९ चा, तो आम्ही श्रम अर्थशास्त्रात एका परिच्छेदात संपवतो. जुलै २०१६ मध्ये सरकारने फळं-भाजीपाला बाजार समितीच्या नियमनातून काढला आणि आडत, म्हणजे आडत्याची दलाली, शेतकऱ्याऐवजी खरेदीदाराकडून घ्यायची असं ठरलं. हे तर बाजार-रचनेच्या प्रकरणाचं जिवंत उदाहरण, पण मुलांनी ते फक्त नोट्समध्ये वाचलंय.

तर कल्पना अशी की पाचव्या सेमिस्टरला गटाने प्रश्न शोधायचा आणि तो छोट्या प्रमाणावर तपासून बघायचा. सहाव्याला तोच प्रश्न घेऊन एखाद्या गाळ्यावर, वाहतूकदाराकडे, संघटनेच्या किंवा शेतकरी कंपनीच्या ऑफिसात १२० तास काम करायचं. शेवटी जे निघेल ते त्या माणसाच्या उपयोगी पडलं पाहिजे.

अडचण मनुष्यबळाची आहे. मुलं ६४, शिक्षक तीन, त्यातले एक सर सीएचबीवर, म्हणजे तासिका तत्त्वावर. गट केले तर दोघं राबणार आणि तिघं नाव लावणार. गट नाही केले तर ६४ प्रकल्प कोण बघणार? गुण कशाला द्यायचे? आणि मार्केटमधली माणसं आम्हाला का उभं करतील? ज्यांनी असं काही केलंय किंवा अशा मुलांना कामावर ठेवलंय, त्यांनी कृपया लिहा. ‘छान उपक्रम, शुभेच्छा’ एवढ्यावर थांबू नका, ही विनंती.

जुनामास्तर:

मॅडम, मी अभियांत्रिकीला होतो, आता निवृत्त. आमच्याकडे शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट पूर्वीपासून आहे आणि त्यातली बनवाबनवीही तितकीच जुनी आहे. लॅमिंग्टन रोडवरून तयार मॉडेल आणणारे महाभाग पाहिलेत. अनुभवाने सांगतो, गुण शेवटाला ठेवलेत तर काम शेवटच्या आठवड्यातच होणार. १०० पैकी ६० गुण अहवाल हातात येण्याआधी वाटून टाका. पहिला आढावा फक्त प्रश्नावर घ्या. प्रश्न एका वाक्यात सांगता येतो का, उत्तर कुणाला हवंय, आणि ते ‘नाही’ आलं तरी चालेल का? हे तिसरं फार महत्त्वाचं. ज्या प्रश्नाचं उत्तर आधीच ठरलेलं असतं, त्याचंच ब्लॅक बुक होतं. दुसरा आढावा कच्च्या नोंदींवर. वही समोर ठेवायची, तारीखवार, हाताने लिहिलेली, खाडाखोडीसकट. पीपीटी नको.

आयआयटी मुंबईच्या सितारा या ग्रामीण तंत्रज्ञानाच्या केंद्रात मुलांना गावात पाठवून पाणी, एसटी, रेशन अशा प्रश्नांवर काम करवतात, आणि उन्नत महाराष्ट्र अभियानातून तीच पद्धत राज्यातल्या इतर कॉलेजांत नेली गेली. त्यांचे अहवाल जरूर चाळा. भाषा साधी, नकाशा, मोजमाप, आणि शेवटी कुठल्या अधिकाऱ्याने काय करावं ते स्पष्ट. अर्थशास्त्राच्या मुलांना हे आमच्या मुलांपेक्षा चांगलं जमेल.

टॅलीवाला:

स्पष्ट बोलतो, राग नसावा. पोरांना नोकरी पाहिजे. १२० तास कुठल्या तरी सीएकडे बसवा, जीएसटी रिटर्न शिकतील. बाजारात गोण्या मोजून काय मिळणार?

दाणाबंदर:

टॅलीवाले, गोण्या मोजता येणारा माणूस आमच्याकडे सीएपेक्षा महाग आहे :)

ताई, वडील माथाडी होते, मी गाळ्यावर हिशोबाला आहे. काही गोष्टी आधीच सांगून ठेवतो. भाजी मार्केट रात्री भरतं. गाड्या मध्यरात्रीपासून लागतात, खरा व्यवहार पहाटेचा. सकाळी अकराला पोरं घेऊन आलात तर झाडू मारणारे भेटतील आणि चहावाला. मुलींना त्या वेळी पाठवायचं तर पालकांशी आधी बोला, नाहीतर धान्य किंवा मसाला बाजार घ्या, तिथलं काम दिवसाचं असतं.

दुसरं, प्रश्नावली घेऊन येऊ नका. ‘आपले मासिक उत्पन्न किती’ विचारलं की व्यापारी सरळ खोटं सांगतो आणि माथाडी गप्प बसतो. कागद मागा. शेतकऱ्याला जाते ती पट्टी, म्हणजे विक्रीच्या हिशोबाचा कागद, त्यात हमाली, तोलाई, वाराई, भाडं सगळं वेगवेगळं लिहिलेलं असतं. तुमच्या मुलांची गावं सातारा, जुन्नर, आंबेगाव अशीच असणार ना? चुलत्याकडे वर्षभराच्या पट्ट्या खिळ्याला टोचलेल्या सापडतील. त्याच दिवशी त्याच मालाला कोपरखैरण्याच्या भाजीवालीने काय भाव लावला, ते पोरांनी रोज उतरवायचं. ग्राहकाच्या रुपयातले शेतकऱ्याला किती पैसे, हे पुस्तकात शोधायची गरज नाही.

आणि तुम्ही विचारलंत आम्ही का उभं करू. उपयोग असेल तर करू. गोणी ५० किलोच्या वर नको ही माथाडींची जुनी मागणी. कुठल्या भागातून येणारा माल किती वजनाच्या गोणीत येतो याच्या महिनाभराच्या नोंदी काट्यावरून कुणी नीट करून दिल्या, तर संघटनाही घेईल आणि व्यापारीही बघेल. दोघंही आपापल्या कारणाने.

पोर्टलँडचा_पांडू:

इथल्या पोर्टलँड स्टेट विद्यापीठात ‘सीनियर कॅपस्टोन’ असतो, म्हणजे पदवीच्या शेवटी करायचा समारोपाचा प्रकल्प, ६ क्रेडिटचा. वेगवेगळ्या विषयांची मुलं एका गटात आणि शहरातली एखादी संस्था भागीदार. अमेरिकेत १९९८ च्या बॉयर आयोगाने पदवीचा शेवट अशा अनुभवाने व्हावा असं सुचवलं होतं, पण तिथल्याच वूस्टर पॉलिटेक्निक या अभियांत्रिकी विद्यापीठाने १९७० पासूनच पदवीची उभारणी प्रकल्पांवर केली होती. म्हणजे कल्पना नवी नाही, अवघड आहे ती अंमलबजावणी.

मी एकदा भागीदार संस्थेच्या बाजूने होतो. सगळ्यात कामाला आला तो सत्र सुरू होण्याआधी लिहिलेला एक कागद. संस्थेला नेमकं काय मिळणार, मुलांना कुठली कागदपत्रं बघता येणार, कुठली बाहेर नेता येणार नाहीत, संस्थेतला कोण माणूस आठवड्याला अर्धा तास देणार, आणि नावं लपवायची का. पट्ट्या वापरणार असाल तर शेतकऱ्याचं नाव आणि फोन नंबर झाकूनच उतरवा, संमतीही घ्या. आणखी एक, तुमच्या गटात मराठी, भूगोल, बीएमएस यांतलं एखादं पोरगं घेता आलं तर बघा. लिहिणारा आणि नकाशा काढणारा गटात असला की फरक पडतो.

पाचपाखाडी_एक्सप्रेस:

मी गेल्याच वर्षी ठाण्यातल्या कॉलेजमधून पास झाले. कामचुकारांवर उपाय विद्यार्थ्याच्या बाजूने सांगते, कारण शिक्षकांना खरं कळत नाही. व्हायवाला कोण काय बोलणार हे गटाला ठरवू देऊ नका. तिथल्या तिथे चिठ्ठी काढा. ज्याचं नाव येईल त्याने दुसऱ्याने केलेला भाग समजावून सांगायचा. ही गोष्ट पहिल्याच दिवशी जाहीर केलीत तर आम्ही एकमेकांना आपोआप शिकवतो, नाहीतर सगळेच बुडतो. वही मात्र प्रत्येकाची वेगळी. आणि प्लीज, ‘सहकाऱ्याला गुण द्या’ असला फॉर्म नको. सगळे सगळ्यांना दहापैकी दहा देतात.

खाडीपलीकडची:

सगळ्यांचे आभार, एवढं मिळेल असं वाटलं नव्हतं.

टॅलीवाले, राग अजिबात नाही. सीएकडे जायचंय त्यांना जाऊ देईन, पण त्यांनाही प्रश्न लागेल. छोट्या दुकानदाराला जीएसटी भरायला महिन्याचे किती तास आणि किती पैसे लागतात, हे सीएच्या टेबलावरून छान दिसेल. रिटर्न भरायला ते शिकतीलच.

आता आराखडा असा करतेय. ६४ मुलांचे पाच-सहा जणांचे गट, म्हणजे बारा. गटागणिक वेगळा विषय न देता सगळ्या बारांना मिळून चारच मोठे प्रश्न. शेतकऱ्याच्या पट्टीपासून भाजीच्या गाडीपर्यंतचा भाव, गोणीचं वजन, २०१६ नंतर मार्केटबाहेर थेट विक्री करणाऱ्यांचा हिशोब, आणि माथाडी घरांतली पुढची पिढी कुठल्या कामाला लागली. एका प्रश्नावर तीन गट असले की एकाच्या नोंदी दुसऱ्याला पडताळता येतील, आणि आम्हा तिघांना बारा नाही, चार विषयांची तयारी करावी लागेल. चौथा प्रश्न मुलांच्या स्वतःच्या घरातला, तिथे ती जास्त मोकळी होतील की जास्त अवघडतील, याचा अंदाज मला येत नाहीये, म्हणून तो ऐच्छिक ठेवते.

मास्तर, ६० गुण आधी हे अभ्यासमंडळात मांडते. परीक्षा विभाग कपाळाला हात लावेल, पण दोन आढावे आणि वही मिळून ५० तरी मान्य करून घेईन. चिठ्ठीची पद्धत जशीच्या तशी उचलली. अहवाल वीस पानांच्या वर नको, आणि त्यातलं एक पान मराठीत, गाळेवाल्याच्या हातात देता येईल असं. बाइंडिंग बंद.

दोन गोष्टी अजून हव्यात. दाणाबंदर, काट्यावरच्या नोंदी करायला बाजार समितीची लेखी परवानगी लागेल की गाळामालकाची पुरेल? आणि कुणाकडे भागीदार संस्थेबरोबर केलेल्या त्या एका पानाचा मराठी नमुना असेल तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. इंग्रजीतला करार समोर ठेवला की आडते वकिलाला फोन लावतील.

दाणाबंदर:

गाळ्याच्या आतलं असेल तर मालक पुरे. सामायिक काट्यावर उभं राहायचं तर समितीच्या ऑफिसात कॉलेजच्या लेटरहेडवर अर्ज द्या, मुलांच्या नावांसकट आणि आयकार्डाच्या झेरॉक्स जोडून. गणपतीच्या आधी द्या. नंतर दसरा-दिवाळीच्या मालाची गर्दी सुरू होते, तेव्हा तुमचा अर्ज कुणी उघडणार नाही.