मदत हवी आहे : महापालिकेने कामाची फाइल बघायला बोलावलंय, नेमकं काय तपासू?

नमस्कार मंडळी,

आमची 'ड' वर्ग महापालिका, नाव मुद्दामच देत नाही. गेल्या उन्हाळ्यात आमच्या गल्लीतले चांगले धडधाकट पेव्हर ब्लॉक उखडून नवे बसवले. कामाच्या फलकावर '८० मि.मी. जाडीचे पेव्हिंग ब्लॉक बसविणे' आणि रक्कम १४ लाख ६० हजार. अंदाजपत्रकाच्या पुस्तकात मात्र याच कामापुढे १० लाखच. पावसाळ्यात गटाराच्या झाकणापाशी एक ब्लॉक सुटला, तो मुलीच्या कंपासपेटीतल्या पट्टीने मोजला तर जेमतेम ६० भरला.

माहिती अधिकारात एस्टिमेट, वर्क ऑर्डर, एम.बी. (कामाच्या मोजमापांची नोंदवही) आणि अंतिम बिल मागितलं. मुदतीत उत्तर आलं, पण असं : 'माहिती विस्तृत स्वरूपाची असल्याने कार्यालयीन वेळेत येऊन अभिलेखाचे अवलोकन करावे.' चार कागद विस्तृत कसे, देव जाणे. फोन केला तर पलीकडून फारच गोडीत, "या की साहेब, चहा घ्या, फाइल बघा."

मी बँकेतून निवृत्त झालोय. ताळेबंद वाचता येतो, पण एम.बी. जन्मात पाहिलेली नाही. टेप घेऊन गल्लीची लांबी-रुंदी मोजून ठेवलीय, ती एम.बी.शी ताडून बघायचा विचार आहे. एवढं पुरेल का? १० चे १४ कसे झाले ते कुठल्या कागदात सापडेल? आणि बघायला गेलो म्हणजे प्रतींवरचा हक्क सोडला असं होतं का? आमच्या वेळी प्रशासकच होते, त्यामुळे विचारायला नगरसेवकही नव्हता.

प्रतिसाद

काका, लांबी-रुंदी बरोबरच निघेल, लिहून देतो. (सार्वजनिक बांधकामात नोकरी झाली आहे.) ब्लॉकचं बिल चौरस मीटरवर निघतं. जाडी मोजमापात येतच नाही, ती बाबीच्या वर्णनात असते. म्हणून निविदेतली ती बाब शब्दन् शब्द उतरवून घ्या आणि ब्लॉकचा चाचणी अहवाल मागा. आयएस १५६५८ (पेव्हर ब्लॉकचं भारतीय मानक) प्रमाणे ६० आणि ८० हे वेगवेगळ्या वाहतुकीसाठीचे ब्लॉक आहेत, दरातही फरक पडतो. अहवालात ६० आणि बिलात ८० असेल तर बाकी काही शोधायची गरज नाही.

खरी गंमत जमिनीखाली असते. खोदाई, मुरूम भराव, खडीचा थर हे सगळं घनमीटरमध्ये, आणि ब्लॉक बसले की कोणाला दिसत नाही. एम.बी.त त्या मोजमापांची तारीख बघा. खोदाईचं मोजमाप ब्लॉक बसल्यानंतरच्या तारखेचं असेल तर ते मोजलं कसं, हे विचारा. कनिष्ठ अभियंत्याच्या नोंदीवर उपअभियंत्याची तपासणी सही आहे का, तेही बघा. आणि काढलेले जुने ब्लॉक गेले कुठे? भांडारात जमा असतील तर नोंद हवी.

प्रतिसाद

निरीक्षणाला गेल्याने प्रतींचा हक्क जात नाही. कलम २(ञ) मध्ये निरीक्षण, टिपणं, प्रमाणित प्रती आणि साहित्याचे प्रमाणित नमुने, सगळं आहे. हवी ती पानं तिथेच लेखी मागा, पानाला २ रुपये. जाताना एक कोरा कागद न्या. कुठली फाइल दाखवली, किती पानांची, एम.बी. क्रमांक काय, हे लिहून त्यावर पोच घ्या. चहा खुशाल प्या, पण पोच घेतल्याशिवाय उठू नका. टाळाटाळ झाली तर उत्तर मिळाल्यापासून ३० दिवसांत पहिलं अपील, २० रुपयांचा कोर्ट फी स्टँप लावून.

ब्लॉकच्या नमुन्यासाठी वेगळा अर्ज करा. आपल्या महाराष्ट्रात एका अर्जात एकच विषय आणि १५० शब्द, त्यावरून परत पाठवतात. घरी आणलेला ब्लॉक पुरावा म्हणून कोणी मानणार नाही, तो त्यांच्या माणसासमोर काढलेलाच हवा.

प्रतिसाद

१० चे १४ बहुधा वर्गीकरणातून, म्हणजे दुसऱ्या एखाद्या कामाचे पैसे इकडे वळवले असणार. प्रशासकाच्या काळात स्थायी समितीचा ठरावही प्रशासकाच्याच सहीने होतो. तो ठराव आणि त्याला जोडलेली खात्याची टिप्पणी मागा, कुठलं काम मारून पैसे काढले ते त्यात कळेल. शिवाय स्थानिक निधी लेखापरीक्षेचा (महापालिकेचे हिशेब तपासणारं सरकारी खातं) त्या वर्षाचा अहवाल बघा, 'आक्षेपाधीन' आणि 'वसूलपात्र' रकमांच्या यादीत तुमचं काम असेल तर निम्मं काम झालंच.

धागाकर्ता

सर्वांचे आभार. टेप घरीच ठेवतो! सोमवारी जातोय. एकच राहिलं : फलकावर दोषदायित्व कालावधी (ठेकेदाराने दोष स्वतःच्या खर्चाने दुरुस्त करायची मुदत) ३ वर्षं लिहिलाय. सुटलेल्या ब्लॉकची तक्रार आत्ताच केली तर ठेकेदार येऊन तो बदलून जाईल आणि नमुन्याचं काम अडेल, असं वाटतं. आधी नमुना की आधी तक्रार?

प्रतिसाद

आधी नमुना. तक्रार लेखापरीक्षकाकडे करा, ठेकेदाराकडे नको.