मदत हवी आहे : एमआरआय नक्की कशाचा काढायचा?

धाकटा भाऊ, वय 27, राहणार साताऱ्याजवळ. आठ महिने कमरेखाली, ढुंगणाच्या वरच्या खळीत दुखतंय. कधी डावीकडे, कधी उजवीकडे. पहाटे दुखण्यानंच जाग येते. उठल्यावर तासभर आखडलेला, चप्पल घालतानाही भिंत धरतो. गंमत म्हणजे गोठ्यातलं काम केलं की मोकळा, पडून राहिला की परत तेच. मार, ताप, पायाला मुंग्या काही नाही. एक्स-रे नॉर्मल. पट्टा, शेक, चोळून घेणं सगळं झालं (चोळल्यावर उलट वाढलं). सूज उतरवणाऱ्या गोळीनं मात्र फरक पडतो. रक्तात एचएलए-बी27 (मणक्याच्या संधिवाताशी जोडला जाणारा जनुक) पॉझिटिव्ह, तो निरोगी माणसांतही सापडतो, हे माहीत आहे. आता कमरेच्या मणक्यांचा एमआरआय सांगितलाय. खर्च एकदाच झेपेल. त्यात सॅक्रोइलियाक सांध्यांची (कण्याचा खालचा भाग जिथे कटीच्या हाडांना जुळतो ते दोन सांधे) सूज दिसेल, की त्या सांध्यांचा वेगळा, स्टिर सिक्वेन्ससह (सूज उठून दिसते ती एमआरआयची पद्धत) मागायचा? की आधी संधिवाततज्ज्ञांना दाखवू?