धोलावीरा, पांढरं रण आणि जैसलमेर सहा दिवसांत? माझा विरोध

काळी माती (मूर्तिजापूर)
दिवाळी जवळ आली की 'सहा दिवसांत धोलावीरा, पांढरं रण, जैसलमेर' असा बेत आपल्या विदर्भात फिरू लागतो. धोलावीरा म्हणजे कच्छमधल्या सिंधू संस्कृतीच्या शहराचे अवशेष, पांढरं रण म्हणजे तिथलंच मिठाचं मैदान, आणि जैसलमेर पार राजस्थानात. माझं म्हणणं, आपल्याकडून सहा दिवसांत एकच वाळवंट नीट पाहून होतं. ते कच्छचं घ्या, आणि दिवाळीत नको, संक्रांतीनंतर.

गाडीचा हिशोब असा. हावडा-अहमदाबाद एक्सप्रेस नागपूर, वर्धा, बडनेरा, अकोला करत दुसऱ्या दिवशी अहमदाबादला पोचवते. तिथून भुजची गाडी धरायची, पण भुजला जायचं नाही, भचाऊला उतरायचं. इथेच बरेच जण चुकतात. भुजला मुक्काम टाकून धोलावीऱ्याला जाऊन-येऊन करतात आणि अख्खा दिवस काचेतून वेड्या बाभळी मोजण्यात जातो. भचाऊहून रापर, बालासर करत खडीर बेटावरचं धोलावीरा साधारण दीडशे किलोमीटर पडतं. रात्र तिथेच काढायची. सकाळी अवशेष, दुपारी रणातून काढलेल्या नव्या रस्त्याने खावडा, मग काळो डुंगर ही टेकडी, सूर्यास्ताला धोरडोचं पांढरं रण, रात्री भुज.

दिवाळीत का नको? पावसाळ्यात रणात पाणी भरतं. ते थंडीत आटतं तेव्हा मीठ वर येतं. पाऊस चांगला झाला असेल तर नोव्हेंबरातही तिथे पांढरं काही नसतं, नुसता चिखल आणि पाणी.

तुरीची शेंग (दर्यापूर)
भाऊ, संक्रांतीनंतर म्हनता, पन तूर कोन सोंगन? हरभरा घाट्यावर येते तवाच डुकरं वावरात घुसतात. जागलीवर कोनाले बसवता? पोट्ट्यायले सुट्ट्या दिवाळीतच असतात. तुमचा बेत नोकरीवाल्यायचा हाय.

लाल डबा (वणी)
आणि मी म्हणतो कच्छच नको. रण म्हणजे खारी दलदल, वाळवंट नव्हे. वाळूचे टिब्बे बघायचे तर राजस्थानचं थर वाळवंटच. जैसलमेरला एकदा पोचलं की सगळं हाताशी. किल्ला (1156 चा) गावातच, जुनी राजधानी लोद्रवा 15 किलोमीटर, जुने अवशेषच हवेत तर ओसाड गाव कुलधरा 18, जीवाश्म झालेल्या खोडांचं आकल 17, समचे टिब्बे 40-42. ऑटो करा नाहीतर जीप, संध्याकाळी मुक्कामावर परत. तुमच्या कच्छच्या चकरेत गाडी दोन दिवस भाड्याने लागते, आणि बाहेरगावची गाडी घेतली की बहुतेक गाडीवाले दिवसाला किमान 250 ते 300 किलोमीटर धरतात, तुम्ही फिरा की बसा. चौघांच्या कुटुंबाला ते झेपत नाही.

काळी माती
गाडीभाड्याचा मुद्दा खरा. सहा-सात जण मिळून एक मोठी गाडी केली तरच परवडतं, चौघांनी नाही. पण जैसलमेरला पोचायलाच दोन रात्री जातात, यायला दोन. मध्ये उरतं काय? शिवाय कुलधरा प्राचीन नव्हे. पालीवाल ब्राह्मणांनी ते गाव एकोणिसाव्या शतकात सोडलं. धोलावीरा इसवी सनापूर्वी 3000 ते 1500 या काळातलं, 2021 पासून जागतिक वारसा यादीत. दोन्हीला 'जुने अवशेष' म्हणणं म्हणजे वाडा आणि लेणी एकाच मापाने मोजणं.

लाल डबा
वाडा असो की लेणी, घरच्यांना दगडांच्या रांगाच दिसणार.

पांदण रस्ता (रामटेक)
दगडांच्या रांगा दिसतात, कारण भिंत वाचायची सवय नाही. म्हणून माझं मत तिसरंच: आधी मनसर करा. रामटेकच्या अलीकडे, एका दिवसाचं काम. वाकाटकांची राजधानी प्रवरपूर ती हीच, असं बरेच अभ्यासक मानतात. विटांचे थर, जोते, पायऱ्या डोळ्यांत बसल्या की मग धोलावीऱ्यात दगड बोलतो. आणखी एक, 1960 च्या दशकात धोलावीरा शोधणाऱ्या पुरातत्त्वज्ञ जगतपती जोशींनीच पुढे मनसरच्या उत्खननातही काम केलं. जुनापाणीची शिलावर्तुळं नागपूरच्या वेशीवर, पवनीचा स्तूप भंडाऱ्यात. हे टाकून हजार किलोमीटर कशाला पळता?

आणि धोलावीऱ्याला गेलातच, तर उगवतीलाच आत शिरा. तिरप्या उन्हात भिंतींच्या कडा उठून दिसतात, दहानंतर सगळं सपाट पांढरं होतं आणि सावलीला झाड नाही. बालेकिल्ल्याकडे धावू नका, आधी पूर्वेकडचा हौद बघा. सुमारे 73 मीटर लांब, 29 रुंद, 10 खोल, पायऱ्यांसकट. गावाच्या दोन अंगांना मनहर आणि मनसर हे पावसाळी नाले, बंधारे घालून त्यांचंच पाणी हौदांत वळवलेलं. (हो, तिथल्या नाल्याचं नावही मनसर.) शेततळं खोदलेल्या माणसाला हे कुणी समजावून सांगावं लागत नाही. नंतर उत्तर दरवाजा, जिथे सिंधू लिपीतल्या 10 चिन्हांचा फलक सापडला. मूळ फलक उघड्यावर नाही, नाहीतर तिथे शोधत बसाल. पुरातत्त्व खात्याची स्थळसंग्रहालयं शुक्रवारी बंद असतात, तो वार टाळा.

कवठाची चटणी (चिखली)
दादा, तुमच्या बेतात एक गोची आहे. काळो डुंगर आणि धोरडो एकाच दुपारी बसत नाहीत. डुंगर खावड्याच्या वर 25 किलोमीटर, आणि त्याच रस्त्याने खाली यायचं. धोरडोला पुन्हा भिरंडियाराला वळायचं, तिथे रणात जायच्या परवान्याची रांग. परवाना ऑनलाइन काढून ठेवा, प्रत्येकाचं आधार कार्ड जवळ असू द्या. डुंगर सोडा, नाहीतर भुजला एक रात्र वाढवून दुसऱ्या सकाळी करा. धोलावीऱ्याहून दुपारी बाराच्या आत निघालात तरच धोरडोचा सूर्यास्त सापडेल.

रापरला टाकी भरा, पुढच्या पंपाच्या भरवशावर राहू नका. माणशी तीन लिटर पाणी बरोबर घ्या, तिकडच्या पाण्याला खारट चव असते. म्हातारी माणसं असतील तर शौचाला रापरलाच उतरवा. दुपट्टे आणि एखादी गोधडी न्या, जानेवारीत रणातला वारा हाडात शिरतो. दशम्या तीन दिवस टिकतात, ठेचा कोरडाच घ्या.

आणि गाडी मिठावर घालू नका. पावसानंतर आपल्या काळ्या वावरात वरून पापुद्रा वाळतो, पाय दिला की घोट्यापर्यंत आत. तिथे तसंच आहे, फक्त पापुद्रा मिठाचा आणि खालचा गाळ काळा, चिकट. चाक बसलं की रेस दिल्याने आणखी खोल जातं. माणसांनीही मळलेल्या वाटेनेच चालावं. परत आल्यावर गाडीचा बुडखा गोड्या पाण्याने धुवा, मीठ पत्रा खातं.

काळी माती
ताई, मान्य. डुंगर काढला. त्याऐवजी दुसऱ्या सकाळी भुजचा ऐना महाल होईल.

लाल डबा
म्हणजे आता एक हौद, एक मिठाचं मैदान आणि सात माणसांची एक गाडी. वाळू कुठे आहे यात?

काळी माती
वाळू नाही. वाळूसाठी आठ दिवस काढा आणि थरला वेगळे जा, मी अडवत नाही. एकत्र नको एवढंच.

तुरीची शेंग
बरं, माहा अर्धा विरोध मागं. दिवाळीत मनसर, पोट्ट्यायसंगं, एका दिवसात जाऊन-येऊन. रनात आमी दोघं-तिघंच, तूर घरात आल्यावर. तिकिटं 60 दिवस आधी उघडतात ना? म्हंजे संक्रांतीनंतरची पाह्यजे त नोव्हेंबरच्या मधातच काढा लागन. जागलीचा मानूसही तवाच ठरवून घ्या, नंतर कोनी भेटत नाई.